भीमाकाठचं दप्तर वाचवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार.

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा माणसांनी जनावरं वर आणली, पत्रे आणले, दारं-चौकटी उपसून आणल्या, देवही आणले. दप्तर, म्हणजे घरातले जुने कागद, आणलं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. ते तुम्ही विचारलंत, तेही धरण पुरं होऊन कितीतरी वर्षं लोटल्यावर, शाळेतून निवृत्त झाल्यावर, घरोघर जाऊन. आज आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचलेले आहेत, नोंदलेले आहेत, आणि ज्यांचे त्यांच्याच घरी आहेत. त्याबद्दल सगळ्यांच्या देखत तुमचे आभार मानायचे म्हणून हे पत्र.

कागद का नाहीसे झाले, हे मला तुमच्याकडून कळलं. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं, म्हणजे सरकारी कामाबद्दलचे वंशपरंपरेचे हक्क, गेली, १९६२च्या कायद्याने पाटीलकी गेली. हक्कच उरला नाही तर त्याचा पुरावा कशाला जपायचा? मग कुठे पेटी माळ्यावर गेली, कुठे वाळवीला मिळाली, कुठे अख्खे रुमाल पाणी तापवायच्या बंबात गेले. ज्यांनी जपले, त्यांनी भीतीने जपले. कागद बाहेर पडला तर भाऊबंद दावा लावतील, जमीन जाईल ही ती भीती. ती अडाणीपणातून आलेली नाही, हे तुम्ही आम्हाला बजावून सांगायचात. १८५२च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा (इनामाच्या हक्काचे कागद) तपासल्या आणि ज्यांना पुरावा दाखवता आला नाही त्यांची इनामं गेली. कागद मागायला आलेल्या माणसाकडे संशयाने पाहायचं, हे इथल्या घरांनी तेव्हापासून शिकून घेतलं आहे. त्यात कुणी अभ्यासाला म्हणून दप्तर नेलं आणि परत दिलं नाही, असं सांगणारी घरं तर आम्हाला गावोगाव भेटली.

म्हणून तुमची रीत वेगळी होती. पहिल्या भेटीत कागदाचं नाव काढायचं नाही. ओट्यावर बसायचं, बुडालेल्या गावठाणात वेस कुठे होती, पार कुठे होता, कुणाची आळी कोणत्या अंगाला होती, हे विचारायचं. म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या विचारायच्या. पेटी उघडायची ती घरच्याच माणसाने. रुमालाची गाठ कशी होती ते आधी पाहून ठेवायचं, घरातच उजेडाला बसून फोटो काढायचे, आणि कागद त्याच क्रमाने, त्याच फडक्यात बांधून परत द्यायचे. उंबऱ्याबाहेर एक चिटोरं न्यायचं नाही. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हे तुम्ही प्रत्येक घरी न कंटाळता सांगितलंत.

इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पिढीचं काम तुम्ही फार आदराने सांगायचात. गावोगाव हिंडून जमवलेली साधनं, त्यांचे बावीस खंड, १९१० साली पुण्यात निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. त्या काळी कागद गोळा करून एका जागी आणले नसते तर ते उरलेच नसते. आज खिशातल्या फोनने नक्कल घेता येते, तेव्हा मूळ घरचं घरीच राहू शकतं. ही साधी गोष्ट तुम्ही धरून ठेवलीत म्हणूनच दारं उघडली, असं माझं ठाम मत आहे.

आणि जुन्या कागदांची ती मोडी लिपी! आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आम्हाला वाटायचं हे जमणं नाही. तुम्ही सुरुवात अक्षरांपासून केलीच नाहीत, तारखेपासून केलीत. कागदांवरची सालं अरबी आकड्यांत लिहिलेली असत: अहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, म्हणजे एक ते पाच. पोरांनी पाढ्यासारखे घोकले. ‘अहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. हा सुहूर सन. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून हे एकच वर्ष १७६०चा पावसाळाही धरतं आणि १७६१चा जानेवारीही. म्हणजे पानिपताचा हिवाळा, असं तुम्ही म्हणालात आणि सातवीतल्या पोराने मान वर केली. शाळेच्या पुस्तकातला इतिहास आणि घरच्या पेटीतला कागद एकाच सालातले असू शकतात, हे त्याला तेव्हा उमगलं. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारे हवे झाले, तेव्हा तुमच्या हाताखाली शिकलेली मुलं कामाला आली. पण त्याच्या कितीतरी आधी, कुणाला गरज नसताना, तुम्ही शिकवायला बसला होतात.

शिवेच्या तंट्याच्या त्या महजराचं, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदाचं, वाचन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्ही ते चार भिंतींआड न करता देवळासमोर, सगळ्यांना बोलावून केलंत. खाली सह्यांच्या जागी निशाण्या होत्या. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. आपल्या पणज्याच्या पणज्याला गावाच्या निर्णयात जागा होती, हे ज्या घरांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, ती माणसं कागदाजवळ येऊन पाहत होती. त्याच रुमालात वेठीच्या कामाच्या नोंदी निघाल्या. कोणाकडून काय फुकट करून घेतलं, ते लिहिलेलं होतं. ते वाचू नका, उगाच जुनं उकरून निघेल, असं दोघा-तिघांनी सुचवलं. तुम्ही शांतपणे शेवटपर्यंत वाचलंत, एकही ओळ गाळली नाहीत. इतिहास म्हणजे आपल्या पूर्वजांचा पराक्रम, एवढंच ऐकायची आम्हाला सवय. गावच्या इतिहासात वेठ करणाऱ्याचं नाव तितक्याच मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. बाई, यासाठीचे आभार मला शब्दांत नीट मांडता येत नाहीत.

इंदापूर म्हटलं की सगळे मालोजीराजांची गढी सांगतात, आणि सांगावीच. पण १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात जमिनीची मोजणी आणि साराबंदी (शेतसाऱ्याची आकारणी) नव्याने केली, आणि मुंबई इलाख्यातली पुढची मोजणी त्याच धर्तीवर झाली, हे आमच्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? रोज सातबारा काढणाऱ्या माणसाला हा इतिहास परका वाटत नाही. तुम्ही जुनी मोजणीची कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांच्या तोंडची शेतांची नावं शेजारी शेजारी मांडलीत, आणि पाण्याखाली गेलेल्या शिवाराचा नकाशा त्यातून उभा राहिला. कुणाचं शेत कुठे होतं यावर दोन आज्यांचं कडाक्याचं भांडण झालं तेही तुम्ही टिपून ठेवलंत, दोघींच्या बाजूंसकट.

दगडांविषयीही लिहायला हवं. जीर्णोद्धारात बाजूला टाकलेले वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या स्मृतीचे कोरीव दगड), बांधाला लावलेल्या सतीशिळा, ऑइलपेंटचे थर चढलेल्या मूर्ती. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि गर्दी फोटो काढायला धावते. आम्ही मात्र तुमच्यामुळे पट्टी आणि वही घेऊन जातो. अक्षरं दिसावीत म्हणून पीठ किंवा चुना चोळायचा नाही. अंधार पडल्यावर बॅटरी एका अंगाने तिरकी धरायची, की झिजलेली ओळही उठून दिसते. दगड कुठल्या दिशेला तोंड करून आहे, उंची किती, आता कोणाच्या रानात आहे, हे लिहिल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

आता एक मागणं आहे. तुमच्या वाचनाच्या वह्या, ज्यांत तुम्ही प्रत्येक घरच्या कागदाचं लिप्यंतर केलं आहे, त्यांच्या नकला व्हायला हव्यात. तुम्ही सांगाल त्या दिवशी आम्ही घरी येतो. फोटो तुमच्या ओट्यावरच काढू, वह्यांचा क्रम मोडणार नाही, आणि कपाट तुम्हीच उघडा.

आपला,
भीमाकाठचा एक विद्यार्थी