ओट्याला जाळी नको

स्टुटगार्ट, जर्मनी

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दादा सांगत होता, ओट्याला पुढून लोखंडी जाळी मारून घ्यायचं ठरतंय. आत त्याची गाडी, बाहेर कुलूप. मिस्त्री माप घेऊनही गेला म्हणे. बाबांचा तोल जातो आणि पोरं गल्लीतून गाड्या दामटतात, हे खरंच आहे. पण उपाय मला पटत नाही. फोनवर या विषयाचं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

आमच्या इमारतीत जिना आणि पुढचा फुटपाथ झाडायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. 1988 पर्यंत हा शहराचाच नियम होता, आता भाडेकरारात लिहितात. (आई, तुला हे फार आवडेल. तू सडा घालतेस आणि कुणीतरी त्यावरच चूळ भरतं!) रविवारी ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून.

इतकी निगा राखलेली जागा, पण तिथे बसायची पद्धत नाही. उन्हाळ्यात मी खालच्या पायरीवर मटार सोलत बसले होते, तर दोघांनी थांबून विचारलं, किल्ली आत राहिली का? अगदी काळजीने. एकाने तर कुलूपवाल्याचा नंबरही शोधला. मटार दाखवले तरी त्याची खात्री पटेना.

घराबाहेर बसायचं ते बागेत. बाबा, हे खास तुमच्यासाठी: फ्लॅटमधली माणसं बागेसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतात. 1983 च्या कायद्याप्रमाणे तो 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपले जेमतेम चार गुंठे. खोपटं 24 चौरस मीटरपर्यंत चालतं, पण तिथे कायमचं राहायचं नाही. नुसती फुलं लावूनही भागत नाही, भाजी-फळं काढावीच लागतात. ऑफिसातल्या एका बाईंच्या बागेतले मुळे तर असे, की तुम्ही घरी येऊन आईला तीनदा सांगाल. फक्त तिथे जायचं तर आधी दिवस ठरवून. सहज म्हणून डोकावता येत नाही.

इथल्या बाकांचं मात्र मनापासून कौतुक. चाकाचा वॉकर ढकलत आजोबा एकटे बाजारात जातात, दमले की टेकतात, बससुद्धा थांब्यावर त्यांच्या बाजूला कलते. आपल्याकडे सोलापुरात तुम्हाला कसब्यातून पार्क चौकापर्यंत चालत जा म्हणायची माझी छाती होणार नाही. फुटपाथवर दुचाक्या, पुढे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव, त्याच्यापुढे उघडी गटार. त्यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही.

पण बाबा, तुम्ही चालत जात नाही, तरी अख्खा कसबा तुमच्याकडे येतोच की! पेपर ओट्यावरच वाचला जातो, एकाचा चार जण मिळून. चार-पाच दिवसांनी कधी रात्री-अपरात्री पाणी सुटलं, की समोरच्या अव्वा आधी आपल्या ओट्यावरून हाक मारतात, मग स्वतःची मोटर लावतात. आईच्या कुरड्या खाटेवर वाळतात आणि राखण गल्लीतली पोरं करतात, अर्थात हप्ता घेऊन. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक येईपर्यंत ओळख ना पाळख अशा बायका लेकरं घेऊन टेकतात, पाणी मागतात, निघताना आईला हळदीकुंकू लावून जातात. गेल्या वर्षी तुम्हाला घेरी आली तेव्हा आई आत होती. अव्वांनी रस्त्यापलीकडून पाहिलं म्हणून पाच मिनिटांत रिक्षा आली. जाळीच्या आत गाडीमागे बसला असता, तर त्यांना काय दिसणार होतं?

म्हणून जाळीऐवजी गुडघाभर उंच कठडा करा. दोन्ही बाजूंनी धरायला स्टीलचा पाइप. सगळ्यात खालची पायरी फार उंच आहे, तिची दोन करून घ्या आणि वर खडबडीत फरशी बसवा, गुळगुळीत नको. दादाच्या गाडीला मागच्या बोळात पत्र्याची शेड होईल. तो कुरकुरेल, कुरकुरू दे. मिस्त्रीला ॲडव्हान्स दिला असेल तर त्यातून पाइपचं काम वळतं करा, उरलेले पैसे मी पाठवते. कठड्याचं माप फोटो काढून टाका, आणि बाबा, पाइप धरून बघितल्याशिवाय मिस्त्रीला सोडू नका.

तुमची,
मनू