बोटाचा ठसा जुळेना, म्हणून पैसे बंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्याच एका शाळेत मी शिकले. त्यांच्या नावाच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे आणि गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे अर्ज मी वाड्यावरच्या बायांना आमच्या सोप्यावर बसून भरून देते.

आमच्या शेजारच्या काकींचं वय सत्तरच्या पुढे आहे. घो (नवरा) नाही, मुलगी लग्न होऊन दूर दिलेली. दयानंदच्या महिना दोन हजारांवर त्यांची पेज, दिव्याचं बिल आणि रक्तदाबाच्या गोळ्या भागतात. श्रावणात त्यांनी पासबुक माझ्याकडे आणून दिलं. पाहते तर सात महिने एक रुपयाही जमा नव्हता. काकींना वाचता येत नाही. उसनवार करून त्या दिवस काढत होत्या, कोणाला बोलल्या नाहीत.

दोघी कदंबाच्या बसने तालुक्याच्या गावी गेलो. बँकेने कार्यालयाकडे बोट दाखवलं. कार्यालयात कळलं, हयातीचा, म्हणजे माणूस जिवंत असल्याचा, दाखला पोचलेला नाही. काकी तर दाखला द्यायला वेळेत गेल्या होत्या! यंत्रावर दहाही बोटं ठेवून झाली, एकही जुळलं नाही. ‘नंतर या’ एवढंच सांगितलं गेलं आणि काम झालं असं समजून त्या घरी आल्या. “हांव जिती आसां न्हय गो बाय?” (मी जिवंत आहे ना गं बाई?) असं त्यांनी मला त्या बाकावर विचारलं, तेव्हा माझ्याच्याने बोलवेना.

काकींनी उभा जन्म काजूबिया फोडल्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटं काळी पडतात, रेषा झिजून जातात. आमच्या भागात अशा हातांच्या कितीतरी म्हाताऱ्या आहेत. रेशनच्या दुकानातही त्यांचा हाच त्रास. राबून झिजलेल्या हातांनाच नेमका हा अडथळा का?

गोवा सरकार देतं ते थोडं नाही, हे मी मनापासून मान्य करते. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठीनंतर महिना २०० रुपये मिळतात, ऐंशीनंतर ५००. आपल्याकडे २००० आहेत. गृहआधारचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात, याचं मोल मी घराघरांत पाहिलं आहे. म्हणूनच हे पैसे न सांगता थांबलेले मला बघवत नाहीत.

माझी विनंती अशी. पैसे थांबवण्याआधी निदान एक महिना त्या माणसाचं नाव पंचायतीत कळवा. २०२० पासून ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून सरकारी अधिकारी पंचायतींत येतात. ती यादी त्यांच्या हाती द्या, अंगणवाडीच्या बाईंकडे द्या. गावात कोण जिवंत आहे हे त्यांना एका सकाळीत कळेल. बोट जुळत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय केंद्राच्या ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या ऑनलाइन दाखल्यात आहे, तशी इथे घराजवळ करा. अंथरुणाला खिळलेल्यांकडे कोणीतरी घरी जावं.

काकींचा दाखला आता झाला, पैसे सुरू झाले. मागचे चौदा हजार मात्र अजून आलेले नाहीत. वाण्याची उधारी तेवढ्यावर अडली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सत्तरी