बंड्यास पत्र: पाण्याला वाट

आंजर्ले
मृग लागून दोन दिवस झाले

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा शेडमध्ये कटर चालू होता, धड ऐकू आलं नाही. "तुमची खिडक्यांची कंपनी एवढी वाढली कशी?" असंच विचारत होतास ना? पाटीवर लिहिलंय म्हणून कंपनी! तरी सांगतो.

आजोबांची पडवी आठवते? रंधा, पटाशी आणि फणसाचा पिवळाधमक भुसा. बाबांनी त्याची शेड केली, सागाच्या चौकटी पार रत्नागिरीपर्यंत पाठवल्या. मग साग महागला आणि दादाच्या हट्टाने ॲल्युमिनियम आलं. खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत स्क्रू गंजले. तेव्हापासून समुद्रासमोरच्या कामाला स्क्रू ३१६ नंबरच्या, खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचेच वापरतो. नेहमीचं ३०४ नंबरचं तिथे टिकत नाही.

खरी वाढ मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर झाली. सांगायला अजून जड जातं. लोकांची कौलं उडालेली, माड-पोफळी आडव्या, आणि आमच्या दारात रांग. त्या वर्षी बाबांनी गावात मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे. दादा महिनाभर त्यांच्याशी नीट बोलला नाही. हप्ते त्याच्या डोक्यावर होते, त्याचंही चूक नव्हतं म्हणा.

पुढे कर्ज काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्या करायची मशीन आणली. चौकटीत आतून स्टीलची पट्टी, कोपरे तापवून जोडलेले, कुठे फट म्हणून नाही. पहिलंच मोठं काम समुद्रासमोरच्या बंगल्याचं, २२ खिडक्या. पहिल्या मोठ्या सरीला हॉलमध्ये पाणी! आम्ही दिसेल तिथे सिलिकॉन भरलं, तर पाणी आणखी वाढलं. शेवटी बाबांना नेलं. बॅटरी घेऊन ते खिडकीखाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाण्याला वाट कुठे ठेवलीत?"

चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात. गवंड्याने गिलावा करताना अर्धी बुजवलेली, उरलेली आमच्या सिलिकॉनने. बाबांनी सायकलचा आरा घालून एक मोकळं केलं. आधी बुडबुडा, मग गढूळ धार, धारेबरोबर एक मेलेला मुंगळा. पाणी आत येणारच रे, ते बाहेर काढायचं असतं. आजोबांच्या चौकटींचा खालचा ओटा बाहेर उतरता असायचा, त्याच्या पोटाला बोटभर खाच, थेंब तिथेच तुटून पडावा म्हणून. मला लहानपणी ती नक्षी वाटायची.

आता आम्ही १७ जण आहोत. निम्मे लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आले ते इथेच राहिले. हिशेब वहिनी बघते, म्हणून उधारी वसूल होते.

आणि तुझ्या घराच्या खिडक्या बदलायचं म्हणतोस, तर गिऱ्हाईक घालवून सांगतो, बदलू नकोस. आजोबांच्याच हातच्या आहेत त्या. परसातल्या एकीला तेवढी वाळवी लागलीय असं कुंपणावरून तरी दिसलं. गणपतीआधी बघून घेतो. चावी काकूंकडेच आहे ना?

तुझा,
बाळ्या