नानाकाकांना अंक मी पाठवलाय

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. असं लिहिलं की शाळेतले पत्रलेखनाचे मार्क आठवतात, पण राहू दे. रोज व्हॉट्सॲपवर बोलतोच की मग पत्र कशाला असं आई म्हणणारच, तर फोनवर असलं काही काढलं की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि मला हे बाबांशीच बोलायचंय. आई, तू पण वाच, पण आधी त्यांना दे.

पार्सल मिळालं. ट्रॅव्हल्सवाल्याने सकाळी सहालाच फोन केला, मी तशीच गाऊनवर जॅकेट घालून रिक्षाने गेले. चकल्यांचा डबा आडवा झाला होता त्यामुळे दिवाळी अंकाच्या मागच्या कव्हरवर तेलाचा गोल डाग पडलाय, दर वर्षी पडतो, एखाद्या वर्षी नाही पडला तर मला तो आपल्या घरचा अंक वाटणारच नाही. पण या वेळी अंक तूच जाऊन आणलास म्हणे आई, बाबा हरभट रोडला गेलेच नाहीत. वाचनालयाची दिवाळी अंक योजना पण घेतली नाही. का, तर "नाना अहमदाबादला जाऊन बसलाय, अंक आणून बोलू कुणाशी."

हे ऐकल्यापासून डोक्यात फिरतंय. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसणारी दोन माणसं, आणि आता फोन केला की काय म्हणतोस, जेवलास का, ठेवतो मग, दीड मिनिटात खलास. त्यात काकांना एका कानाने कमी ऐकू येतं त्यामुळे तुम्ही ओरडता आणि ते भलतंच उत्तर देतात. आईने मला नक्कल करून दाखवली, हसले खूप, पण नंतर वाईट वाटलं.

बाबा, तुम्ही मला मागे एकदा विचारलं होतंत, तुझ्या मैत्रिणीला, चिमणीला मेलबर्नला जाऊन इतकी वर्षं झाली, दर रविवारी तासभर तुम्ही दोघी बोलता तरी काय? मी म्हटलं, असंच. ते काही खरं उत्तर नव्हतं.

ती 2011 मध्ये गेली ना, तेव्हा पहिले सहा-आठ महिने आमचं पण तुमच्यासारखंच झालं होतं. ती तिच्या ऑफिसातल्या कुणाबद्दल सांगायची तर आधी तो माणूस कोण, ती कोण, त्यांचं काय वाकडंय, हे समजावता समजावता गोष्टच थंड व्हायची. माझं पण तेच. मग "नवीन काय" "काही नाही गं" आणि गप्प. फोन ठेवल्यावर उगाच अपराधी वाटायचं की आता आपल्यात काही राहिलंच नाही का. त्या दिवाळीनंतर तिची आई तिकडे जाताना बॅगेत एक अंक घेऊन गेली, योगायोगाने तोच जो तुम्ही मला पाठवला होता, आणि एका रविवारी चिमणीचा फोन, हॅलो नाही काही नाही, "दुसऱ्या कथेतली आत्या म्हणजे आपल्या शिवणाच्या बाईच आहेत की गं!" दोन तास बोललो. शिवणाच्या बाई, मग त्यांची छत्री, मग शाळेचा जिना, मग तिचं तिथे कसं करमत नाही ते. ते करमत नाही असं तिने तोपर्यंत सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आमचा नियम आहे, आठवड्याला एकच, कथा असो लेख असो, गाळायचं नाही, भिकार असलं तरी वाचायचं (भिकार असलं तर उलट जास्त मजा येते). कविता दोन चालतात. असं करत एक अंक शिमग्यापर्यंत तरी पुरतो, मग जुने काढतो. माझ्या सकाळी आठला तिचे दुपारचे दीड वाजलेले असतात. म्हणजे दिवाळीत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे करतात आणि एप्रिलमध्ये मागे, त्यामुळे एप्रिलनंतर साडेबाराच. एक-दोनदा या भानगडीत ती जेवायला बसली असताना मी फोन केलाय आणि पानावर आमटी सांडलीय. अंकाच्या पानावर.

वाचताना हातात पेन्सिल घ्यायची आणि ती सांगलीला आली की प्रती बदलायच्या, तिची माझ्याकडे, माझी तिच्याकडे. त्यामुळे माझ्या कपाटात सगळे अंक तिच्या अक्षरातले आहेत. समासात काय काय लिहिलेलं असतं. "ही बाई खोटं बोलतेय, पान 84 बघ." मी बघितलं, खरंच खोटं बोलत होती, मला कळलंच नव्हतं! वार्षिक राशिभविष्यात तिच्या राशीला परदेशगमनाचा योग, त्याच्या खाली "आता अजून कुठे?" आणि एका वर्षी एक वाडा पाडण्यावरची कथा होती, अगदी साधी, फोनवर आम्ही तिच्याबद्दल फार बोललोही नव्हतो. पुढच्या खेपेला प्रत हातात आली तेव्हा त्या कथेच्या पहिल्याच पानावर अगदी बारीक अक्षरात, "आज्जीचं घर. आज नको." आणि पुढची पानं कोरी, एक खूण नाही. त्याच महिन्यात त्यांचा गावभागातला वाडा विकला गेला होता. मला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं आणि मी मूर्खासारखी त्या रविवारी कथेची भाषा कशी छान आहे ते सांगत बसले होते. प्रत वाचून झाल्यावर फोन केला, दीड वर्षं उशिराने. तिने "अच्छा, पोचलीस का त्या पानावर" एवढंच म्हटलं आणि मग बोलली.

2020 ला तर अंक जायलाच मार्ग नव्हता. ऑस्ट्रेलियाने बॉर्डर बंद केलेली, बाहेरच्या लोकांना 2022 च्या फेब्रुवारीतच नीट सुरू झालं, आणि मेलबर्नमध्ये सगळे मिळून 262 दिवस लॉकडाऊन होता. मग मी कथा वाचून व्हॉइस नोट करून पाठवायचे, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. मधे कुकरच्या शिट्ट्या आहेत, भाजीवाला आहे, एकात तर आईचा व्हिडिओ कॉल येऊन गेलाय. चिमणीने अजून डिलीट केलेलं नाही काही.

भांडलोय पण. एका कथेतली नायिका नोकरी सोडून येते, चिमणी म्हणाली मूर्ख आहे, आणि मी तेव्हा नेमकी राजीनामा लिहून ठेवलेला. तीन रविवार फोन बंद. ते जाऊ दे.

सांगायचं हे की बाबा, ही आयडिया आमची नाहीच. तुमची आणि काकांची आहे. तुम्ही नगर वाचनालयाची योजना घ्यायचात, काका त्या सर्क्युलेटिंग लायब्ररीची, आणि रात्री जेवणं झाली की काका सायकलवर येऊन अंक बदलून न्यायचे, म्हणजे एका वर्गणीत दोघांचे डबल अंक. काका पायरीवरच उभे राहून आधी भांडायचे की अमक्याने शेवट घालवला. 'आवाज' तेवढा तुम्ही कपाटावर ठेवायचात, त्यातल्या खिडक्यांच्या चावट चित्रांमुळे! आता सांगायला हरकत नाही, मी आणि चिमणीने स्टूल लावून काढला होता आणि पलंगाखाली बसून प्रत्येक खिडकी उघडून बघितली होती, आत काहीच नसायचं, इतका भ्रमनिरास झाला की विचारू नका. आणि पहिला दिवाळी अंक 1909 चा, 'मनोरंजन'चा, काढणारे का. र. मित्र, हे काकांनीच मला सांगितलं होतं, "नावच मित्र बघ" असं म्हणून. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं आणि वाचनालयात शिरलं, ते उतरल्यावर तुम्ही दोघंच चिखलातून बघायला गेला होतात. परत आल्यावर काय बघितलंत ते तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत, पण संध्याकाळी घाटावर काकांशी बोलला असणार.

तर आता मुद्दा. मी तुम्हाला न विचारता एक काम केलंय. हाच अंक, जो तुमच्याकडे टीपॉयवर पडलाय (आईने दोन आणले होते असं तिने कबूल केलंय), मागवून काकांना अहमदाबादला पाठवला. सोबत वीस पोस्टकार्डं, तुमचा पत्ता घालून. तुमच्यासाठीची वीस या पाकिटात आहेत, काकांचा पत्ता मी टाकलाय. पोस्टकार्ड अजून 50 पैशालाच मिळतं, मला वाटलं होतं बंद झालं असेल, पोस्टातल्या बाईंनी इतकी एकदम घेतल्यावर कसली जाहिरात आहे का विचारलं. कार्डावर कानाचा प्रश्न येत नाही. आणि मोतीबिंदूचं कारण सांगू नका, ऑपरेशन होऊन चार महिने झाले, मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बरोबर दिसतो.

आठवड्याला एक. अनुक्रमणिकेतल्या क्रमाने, गाळायचं नाही. तब्येतीचं लिहायचं असेल तर शेवटच्या ओळीत लिहा, आधी कथा.

काकांच्या मुलीचा काल मेसेज आला. अंक पोचला, आणि काकांनी पहिला प्रश्न केला की "तो खरंच वाचतोय की उशाला घेऊन झोपतोय?" पहिली कथा त्यांची वाचून झालीसुद्धा, शेवट अजिबात पटलेला नाही, कार्ड उद्या टाकतायत. म्हणजे तुमच्याकडे चार-पाच दिवस आहेत.

आई, डबा रिकामा पाठवत नाहीये, त्यात इथली कॉफी पावडर आहे. पुढच्या पार्सलमध्ये भडंग जरा जास्त टाक, ऑफिसात संपलं.

तुमची,
मनी