द्राक्षं परत पाठवल्याबद्दल

सिस्टर,

तुमच्या बिल्ल्यावरचं नाव मी त्या दिवशी वाचलं नाही आणि नंतर विचारायला लाज वाटली. वॉर्डातली पोरं, त्यांच्या आया, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळेच तुम्हाला नुसतं सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. रुग्णालयाचं नाव घालत नाही. नाशिकमधल्या एका लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात माघात एक माणूस द्राक्षांच्या सहा पेट्या घेऊन आला होता आणि तुम्ही त्याला दारातच अडवलं होतं, तो मी. एवढ्यावर ओळखाल. पेट्या घेऊन येणारे पुष्कळ असतील, तुमच्याशी हुज्जत घालणारे थोडेच असावेत.

वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी रामकुंडावर विधी झाले. जेवणावळ घालायची नाही असं घरात ठरलं होतं, कारण वडिलांना त्या आवडत नसत (दुसऱ्यांच्या जेवणावळींना मात्र ते कधी चुकले नाहीत). पिंपळगाव बसवंतजवळ आमची चार एकर बाग आहे, थॉमसन द्राक्षांची, त्यांनी स्वतः लावलेली. त्यातले निवडक घड पोरांना वाटावेत, असं मला वाटलं. सोबत बायको, फुगे आणि एक भलंमोठं कापडी अस्वल.

तुम्ही पहिल्यांदा अस्वलाकडं बघितलं, मग पेट्यांकडं.

"हे आत जाणार नाही."

"अहो सिस्टर, निर्यातीचा माल आहे. तपासणी झालेली आहे. हीच द्राक्षं युरोपला जातात."

"जाऊ द्या ना युरोपला. इथं नाही."

खरं सांगतो, मला राग आला. वडिलांच्या नावानं आणलेलं कुणी असं परत करतं का? तुमच्या हातात ट्रे होता, आतून कुणीतरी हाक मारत होतं, तरी तुम्ही ट्रे टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटं मला समजावलंत. केमोनं पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या असतात. जो जंतू आपल्याला कळतही नाही तो या पोरांना दोन दिवसांत आयसीयूत नेतो. पातळ सालीचं कच्चं फळ नको, फुलं नकोत, केसाळ खेळणी नकोत. केळं, संत्रं चालतं, तेही समोर सोलून. मग म्हणालात, "हात धुवा, मास्क लावा आणि दोघं रिकाम्या हातानं आत या. पोरांना माणसं आवडतात."

रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं आम्हाला वळण नाही. हातांचं काय करायचं तेच कळेना.

खिडकीजवळच्या खाटेवर नऊएक वर्षांचा मुलगा होता. सुरगाण्याकडचा. डोक्यावर केस नाहीत, गोळ्यांनी गाल फुगलेले. मी काहीतरी गोड बोलायच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "तुमचे काऊंट किती?"

मला प्रश्नच कळला नाही. काऊंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, हे नंतर कळलं. त्याची आई हसली. "येईल त्याला हेच विचारतो," म्हणाली. तो म्हणाला, "माझे आज सहाशे. परवा दोनशे होते." आमच्या गल्लीतली पोरं धावसंख्या सांगतात त्या सुरात. मग माझ्याकडं बघत राहिला. माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, मला माझा रक्तगटसुद्धा नक्की माहीत नव्हता.

त्याच्या आईशी बोललो. हंगामात ती दिंडोरी-निफाडकडं बागांच्या कामाला येते. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग काढणी. "पेट्या भरून भरून हात चिकट व्हायचे," म्हणाली, "आन् याला आता द्राक्षंच पायजेत." बाहेर माझ्या सहा पेट्या तुमच्या टेबलाखाली होत्या. ती आमच्या बागेतही आली असेल का, हे मी विचारलं नाही.

तिनं आणखी एक सांगितलं, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल की तिनं सांगितलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पोराला अपरात्री भूक लागायची आणि रात्री दोनला तो नागलीची भाकर मागायचा. शहरात त्या वेळी नागली कुठून आणायची? तुम्ही घरून पीठ आणून कँटीनच्या मावशींकडं ठेवलंत.

निघताना मी तुम्हाला विचारलं, मग आम्ही द्यायचं तरी काय? तुम्ही म्हणालात, "रक्तपेढीत जा, प्लेटलेट द्या. पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की आमच्या पोरांना मिळता मिळत नाहीत."

गेलो. तिथूनही पहिल्यांदा परत पाठवलं, कारण आदल्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून ॲस्पिरिन घेतली होती आणि त्या गोळीनं प्लेटलेट नीट काम करत नाहीत. मला परत पाठवायचेच दिवस होते ते! पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. आधी रक्त तपासलं. दात्याचे प्लेटलेट दीड लाखाच्या वर लागतात. माझे निघाले २,५२,०००. तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला, कशासाठी ते तुम्हाला कळेलच.

दीड तास खुर्चीत होतो. रक्त हातातून यंत्रात जातं, तिथं गरगर फिरून प्लेटलेट वेगळे होतात आणि उरलेलं रक्त परत आपल्याच अंगात येतं. मधेच ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा तिथल्या मुलीनं कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. पिशवी भरत आली तसा तिचा रंग दिसायला लागला. मला वाटलं होतं लाल असेल. ती पिवळसर होती, उन्हात चार दिवस जास्त राहिलेल्या घडासारखी. वडील असे घड बाजूला काढून घरी आणायचे, व्यापाऱ्याला द्यायचे नाहीत. ही पिशवी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, साध्या गारव्यात सतत हलती ठेवतात आणि पाच दिवसांत वापरावी लागते. म्हणजे द्राक्षांपेक्षाही नाशवंत माल.

नंतर मी कागद दाखवायला आलो तेव्हा खिडकीजवळची खाट रिकामी होती. नवी चादर, कडक घडी. माझा चेहरा बघून तुम्ही लगेच म्हणालात, "घरी गेला. घरी म्हणजे खरंच घरी, सुरगाण्याला." हे 'खरंच' तुम्हाला दिवसातून किती वेळा म्हणावं लागतं? त्याच्या पलीकडच्या खाटेचं मी विचारलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

त्या दिवशी तुमची निळी वही पाहिली. पोराचं नाव, पुढची तारीख, बापाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, गावातल्या आशाताईंचा नंबर. तारखेला पोर आलं नाही की संध्याकाळी तुम्ही फोन लावायला बसता. माझ्या समोरच पेठजवळच्या एका बापाला तुम्ही बोलत होता. मजुरीचे दिवस आहेत, पोरगी आता खेळते, बरी दिसते, मग कशाला आणायची, असं त्याचं म्हणणं. तुम्ही आवाज न चढवता तेच तेच सांगत होता. दिसायला बरी आहे, आजार गेलेला नाही. रक्ताच्या या कॅन्सरची औषधं दोन-अडीच वर्षं घ्यावीच लागतात, मध्ये सोडली तर तो उलटतो. फोन ठेवून मला म्हणालात, "औषध नाही म्हणून जितकी जातात ना, त्याहून गाडीभाडं आणि मजुरी बुडते म्हणून सुटलेली मला जास्त छळतात." सरकारी योजनेत उपचाराचा खर्च बसतो, पण बुडलेला रोज कुठल्या कार्डावर मिळत नाही.

आमच्या लहानपणी कॅन्सर म्हणजे परळ. शेजारच्या काकांना पंचवटी एक्सप्रेसनं टाटा हॉस्पिटलला नेलं होतं, घरचे दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत राहिले होते. आता उपचार नाशकात आले, तरी सुरगाण्याहून सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या बाईला ते अजून लांबच आहेत. ते अंतर तुमची वही भरून काढते.

आणखी एक. फाटकाजवळची सदाफुली दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "पोरांच्या केमोतलं एक औषध हिच्यातलंच आहे." मी घरी येऊन वाचलं. व्हिन्क्रिस्टिन, अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळालेलं. ढीगभर वाळल्या पानांतून ते कसंबसं ग्रॅमभर निघतं. आमच्या अंगणात ती उपटून टाकली तरी येते. सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी सदाफुलीची पानं चावा असा संदेश सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी त्यांना तुमचंच वाक्य ऐकवलं: "पानं चावून काही होत नाही, झाला तर अपायच होईल." ते दोन दिवस बोलले नाहीत.

एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग मेल्यासारखी दिसते. नुसते बोडके खोड आणि ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या. त्या वेळी मला तुमचा वॉर्ड आठवला, पण ही उपमा मी कुणाला सांगितली नाही. या पोरांसारखी वेलीला पाठीच्या कण्यात सुई टोचत नाहीत.

वर्षभरात चारदा प्लेटलेट दिले. बायकोनं तुमच्या वहीतल्या तीन घरांचं एसटीचं भाडं उचललंय, हे तुम्हीच जुळवून दिलंत. त्या सहा पेट्या मी स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना वाटल्या होत्या, अस्वल अजून आमच्या माळ्यावर आहे.

माघ परत आलाय. येत्या मंगळवारी ओपीडीला तो सुरगाण्याचा मुलगा येणार असल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत. मला त्या दिवशी सुट्टी नाही. तेवढा एक निरोप द्या: माझे प्लेटलेट काल तपासले, २,३८,००० आहेत. गेल्या खेपेपेक्षा कमी झालेत, तो चिडवणार हे मला माहीत आहे.

तुमचा,
द्राक्षंवाला