कागदांची ट्रंक सगळ्यात शेवटी उघडा

संपादक महोदय,

पुनर्विकासासाठी घर रिकामं करायचं असो की मुलांकडे कायमचं राहायला जायचं असो, ज्येष्ठांचा चाळीस वर्षांचा संसार हल्ली आठ-दहा दिवसांत निकालात काढला जातो. परदेशातून आलेल्या मुलांची रजा संपत आलेली असते आणि रद्दीवाला दारात उभा असतो. पहिली जाते ती कागदांची ट्रंक. ती सगळ्यात शेवटी उघडावी, आणि जिची आहे त्या माणसाला शेजारी बसवूनच.

एका बैठकीत एकच पिशवी, टेबलावर, दिवसाउजेडी, फार तर तासभर. थकलेला माणूस "टाका सगळं" म्हणतो आणि नेमकं नको ते जातं. पुस्तकं, पंचांगं, दिवाळी अंक रद्दीत घालण्यापूर्वी उलटे धरून झाडावेत. ठेवपावत्या तिथेही निघतात. कंपनीचं नाव आता कुठे ऐकू येत नाही म्हणून शेअर सर्टिफिकेट फाडू नये. कंपनी दुसरीत विलीन झालेली असू शकते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, पण डीमॅट होतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा होतात, आणि वारसांच्या नावावरही चढतात. काम अडतं ते दोन ठिकाणी: थरथरत्या हाताची सही जुन्या सहीशी जुळत नाही, किंवा सर्टिफिकेटवर आधी आजोबांचं नाव आणि डीमॅट खात्यात आधी आजींचं. दोघंही सही करू शकतात तोवरच हे उरकून घ्यावं. सलग ७ वर्षं लाभांश उचलला नाही, तर शेअर केंद्राच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तिथून ते परत मिळतात, पण फार खेटे घालावे लागतात.

जुन्या मोडी लिपीतला कागद दिसला तर हात आखडता घ्या. गंजलेली टाचणी अलगद काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्यात १९१० पासून असलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद जतन करतं.

भांडी मोडीत घालताना तांबं आणि पितळ घरीच वेगळं करा, नाहीतर सगळ्याला पितळेचाच भाव लागतो. कल्हईमुळे तांबं आतून पांढरं दिसतं, म्हणून बूड बाहेरून घासून बघा. नाव घातलेलं एखादं भांडं मात्र ठेवावं, ते कुणी कुठल्या लग्नात दिलं हे त्यावर असतं.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवला की सुटतात. कोण कोण आहे ते आजी-आजोबांना विचारून मागे साध्या पेन्सिलीने लिहावं. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. मागची बाजू गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही. अशा वेळी कागदी पाकिटावर नावं लिहून मग फोटो आत घालावा.

— ज्येष्ठांना घर आवरायला मदत करणारा एक गट, पुणे