काकांचा अल्सर आणि नसलेला ग्रह

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा गप्प झालो. "तुमचं विज्ञान आज एक सांगतं, उद्या ते पुसून दुसरंच सांगतं, आणि आम्ही दर वेळी नुसती मान डोलवायची," असं तू लिहिलंस. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर दोन ओळींत उडवून लावलं असतं. पण तुझ्या वाक्यामागे काका उभे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे लांबण.

काकांना सगळी उमेदीची वर्षं हेच ऐकवलं गेलं, की पोटात अ‍ॅसिड वाढतं, ते काळजीमुळे वाढतं, तेव्हा स्वभाव बदला. जणू पोटात व्रण पडला हा त्यांचाच अपराध. तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, रॉबिन वॉरन या डॉक्टरांना 1979 पासून रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसत होते. जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये काही जगत नाही, हे सर्वमान्य होतं. त्यामुळे तिथे जिवाणू दिसला तर तो बाहेरून पडला असणार, असं समजून लोक पुढे जात. बॅरी मार्शल वॉरनना येऊन मिळाले आणि दोघे ते जिवाणू वाढवायच्या मागे लागले. काही उगवेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशी टाकून द्यायची, अशी पद्धत होती. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच जास्त दिवस राहिल्या, आणि उगवलं! तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू पिऊन आजारी पडले. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज बहुतेक अशा अल्सरवर प्रतिजैविकं आणि अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या देतात, आणि एक-दोन आठवड्यांत काम होतं. (काही अल्सर वेदनाशामक गोळ्यांनीही होतात, ते वेगळे.) अ‍ॅसिडची गोष्ट अगदीच खोटी नव्हती, बघ. ती अर्धी होती, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत लोकांनी काकांचा स्वभाव भरला.

तू म्हणशील, हेच तर मी म्हणतोय. थांब जरा.

मी वर्गात फ्लॉजिस्टन शिकवायचो तेव्हा त्यावर एक मिनिट खर्च करायचो, तेही हसण्यात. "जळणाऱ्या वस्तूतून म्हणे फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं!" मुलं हसायची, मी पुढच्या धड्याकडे वळायचो. निवृत्तीनंतर ते सगळं सावकाश वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. अरे, फार देखणी कल्पना होती ती. लाकूड जळतं, धातू गंजतो, आपण श्वास सोडतो, या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. धातू तापवला की त्यातलं फ्लॉजिस्टन निघून जातं आणि भस्म उरतं. ते भस्म कोळशाबरोबर तापवा, कोळसा आपलं फ्लॉजिस्टन त्याला देतो आणि धातू परत मिळतो. भांड्याखाली झाकलेली मेणबत्ती का विझते? आतली हवा फ्लॉजिस्टनने तुडुंब भरते म्हणून. आता यात "फ्लॉजिस्टन गेलं" च्या जागी "ऑक्सिजन आला" असं घालून बघ. जवळजवळ सगळं जागच्या जागी राहतं. गणित बरोबर होतं, फक्त बाणाची दिशा उलटी होती.

एकच गोष्ट बसत नव्हती: धातूचं भस्म मूळ धातूपेक्षा जड भरायचं. काहीतरी निघून गेलं आणि वजन वाढलं? मग काहींनी सांगितलं की फ्लॉजिस्टनचं वजन उणे असतं! इथे मात्र मला अजूनही हसू येतं. पण तराजूला फितवता येत नाही.

1 ऑगस्ट 1774 रोजी जोसेफ प्रीस्टलीने मोठ्या भिंगातून ऊन पाडून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि निघालेल्या हवेत मेणबत्ती धरली. ती भडकून जळाली. त्याने काय नाव दिलं? "फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा." ऑक्सिजन हातात घेऊन बसलेला माणूस, पण डोळ्यांवर जुना चष्मा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जेवताना त्याने हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला सांगितलं, आणि लाव्हाझिएने त्याच हवेतून नवं रसायनशास्त्र उभं केलं. प्रीस्टली 1804 मध्ये वारला तोवर फ्लॉजिस्टनच्या बाजूनेच भांडत होता. मला त्याच्याबद्दल राग नाही, कणवच येते.

गंमत पुढे आहे. फ्लॉजिस्टनला गाडणाऱ्या लाव्हाझिएने 1789 च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांची यादी दिली, आणि त्यात प्रकाशाच्या शेजारी कोण? कॅलरिक, म्हणजे उष्णतेचं वजनरहित द्रव्य! एक भूत उतरवणाऱ्या मांत्रिकानेच दुसरं घरात घेतलं. पुढे रमफर्ड नावाच्या संशोधकाने म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना पाहिलं, की घासत राहाल तितका वेळ उष्णता निघतच राहते. एखादं द्रव्य साठलेलं असतं तर कधीतरी संपलं असतं. 1798 मध्ये त्याने हे मांडलं. आणि ऐक, पुढे याच रमफर्डने लाव्हाझिएच्या विधवेशी लग्न केलं. पहिल्या नवऱ्याने मांडलेलं दुसऱ्याने मोडलं. ते लग्नही काही वर्षांतच मोडलं, ते सोड.

पण कॅलरिक मेलं तरी त्याने कमावलेलं बुडालं नाही, हे तुला सांगायचंय. आवाजाचा वेग काढताना न्यूटनचं उत्तर सुमारे 15 टक्क्यांनी कमी पडत होतं. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने ती चूक कॅलरिकवर विश्वास ठेवूनच दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती आजही तशीच शिकवतात. फ्रेंच अभियंता सादी कार्नोने 1824 मध्ये, उष्णता म्हणजे धबधब्यासारखं वरून खाली पडणारं द्रव्य, असं समजून वाफेच्या इंजिनाचा विचार केला. द्रव्य खोटं निघालं. पण इंजिनाची कमाल क्षमता वरच्या आणि खालच्या तापमानांवर ठरते, हा त्याचा निष्कर्ष आजच्या वीजकेंद्रालाही चुकत नाही. म्हणून "उद्या दुसरंच सांगतात" हे तुझं म्हणणं मला सरसकट मान्य नाही. कथा बदलते, मोजलेलं सहसा राहतं.

सहसा म्हटलं, कारण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे.

युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने कागदावर मांडलं, की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढतोय आणि तो अमुक जागी असेल. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनमध्ये गालेने दुर्बीण लावली, तर सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून! पुढे 1859 मध्ये त्याच ल व्हेरिएच्या लक्षात आलं की बुधही थोडा चुकतो. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शंभर वर्षांत हिशेबापेक्षा 38 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जास्त सरकतो. (नंतर नीट मोजलं तर 43 भरले.) 43 विकला म्हणजे एका अंशाचा ऐंशीवा भागसुद्धा नाही, तोही अख्ख्या शतकात. माणसाने तीच रीत वापरली: आणखी एक ग्रह असणार, सूर्याजवळचा. एका खेडेगावातल्या डॉक्टरने तो सूर्यबिंबावरून जाताना पाहिल्याचंही सांगितलं. ल व्हेरिए स्वतः न कळवता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, उलटतपासणी घेतली आणि खात्री पटून परतला. ग्रहाचं बारसं झालं, व्हल्कन. डॉक्टरला मानचिन्ह मिळालं. त्यानंतर लोक ग्रहणांत तो शोधत राहिले, अधूनमधून कुणाला दिसायचाही! ल व्हेरिए 1877 मध्ये गेला तेव्हाही त्याचा विश्वास कायम होता. मग नोव्हेंबर 1915 मध्ये आइनस्टाइनच्या नव्या समीकरणांतून ते 43 विकला कुठल्याही ग्रहाविना आपोआप बाहेर पडले. व्हल्कन नव्हताच. चुकत होता तो न्यूटनचा नियम.

माणूस तोच, रीत तीच, हुशारी तीच. एकदा ग्रह सापडला, एकदा नुसती हवा. आणि 1860 मध्ये बसलेल्या कुणालाही आपण कुठल्या गोष्टीत आहोत हे सांगता आलं नसतं. आज दीर्घिका हिशेबापेक्षा वेगाने फिरताना दिसतात, म्हणून न दिसणारं कृष्णद्रव्य मानतात. काहीजण म्हणतात, गुरुत्वाचा नियमच बदला. हा नेपच्यून आहे की व्हल्कन? मला विचारशील तर पारडं कृष्णद्रव्याकडे झुकतं, पण पैज लावणार नाही.

तेव्हा तुझ्या चिडण्यातलं अर्धं मी घेतो. चुकीचं मानणं हा मला गुन्हा वाटत नाही. फ्लॉजिस्टन मानल्यामुळे कुणाची झोप गेली नाही. पण लंडनमध्ये कॉलऱ्यासारखे रोग दुर्गंधीने पसरतात असं मानणाऱ्यांनी 1848-49 मध्ये गटारं धुऊन सगळी घाण थेम्समध्ये सोडली, आणि लोक तेच पाणी पीत होते. पुढे त्याच दुर्गंधीच्या भीतीने, 1858 च्या उन्हाळ्यात नदीचा वास असह्य झाल्यावर, बॅझलजेट या अभियंत्याची मोठी भुयारी गटारं बांधली गेली आणि कॉलरा हटला. 1866 मध्ये तो उलटला तो शहराच्या पूर्वेला, जिथलं काम पुरं झालं नव्हतं. एकाच चुकीच्या समजुतीने आधी मारलं, मग वाचवलं. लंडनचा डॉक्टर जॉन स्नो 1849 पासून कॉलऱ्यासाठी पाण्याकडे बोट दाखवत होता. तो त्याच 1858 च्या जूनमध्ये गेला, बहुतेकांना पटायच्या आधीच.

काकांच्या बाबतीत मला टोचतं ते हेच. सिद्धांत कच्चा होता, ठीक. पण न बसणारी गोष्ट दिसली, की ती सिद्धांताच्या खात्यात मांडण्याऐवजी रोग्याच्या खात्यात मांडली गेली. पथ्य पाळलं, औषध घेतलं, तरी दुखतंय? म्हणजे तुम्हीच काळजी करत असणार. फ्लॉजिस्टनला उणे वजन देणं आणि हे, यात फरक एवढाच की धातूला वाईट वाटत नाही.

त्यांचा अल्सर त्याच जिवाणूचा होता का, हे आता कळायला मार्ग नाही. बहुधा असावा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू परगावी होतास तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. विज्ञानाचा पदवीधर, नुकता नोकरीला लागलेला, सगळं कळतं असा आव. मी त्यांना म्हणालो, "काका, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, म्हणून हे होतं." ते काही बोलले नाहीत. उशी पोटाशी धरून भिंतीकडे वळले. मला वाटलं, त्यांना पटलं.

तुझाच